मूठ झाकलेलीच राहू दे

नमस्कार मावशी,

मी परभणीला राहते, वय ३६, एका शाळेत शिकवते. तुमच्या लेकीच्या वयाची असेन, म्हणून हक्कानं लिहिते आहे.

राखीपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी आमच्या भागातल्या मार्टमध्ये बिलाच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढं एक बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. बिल झालं ७४२ रुपये. बाईनं रुमाल सोडला, नोटा मोजल्या, परत मोजल्या. ६४०च निघाले. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, ‘काय कमी करू?’ बाई नुसती सामानाकडं बघत राहिली. तेवढ्यात मुलीनं कुणी न सांगता आपली कंपासपेटी उचलून बाजूला ठेवली. माझ्यानं राहवलं नाही. म्हणाले, ‘राहू द्या ताई, मी देते पैसे, तुम्ही सगळं घेऊन जा.’ जरा मोठ्यानंच म्हणाले असेन. मागचा एक जण म्हणाला, ‘वा मॅडम, अशी माणसं पाहिजेत!’ बाईनं माझ्याकडं पाहिलं. ‘म्या काय मागायला आले का?’ म्हणाली, लेकीचं मनगट धरलं आणि तेल, डाळ, साबण सगळं तिथंच टाकून निघून गेली.

याच्या महिनाभर आधी उलटं झालं होतं. मेडिकलवर एक म्हातारे बाबा दहाच्या पानातल्या चारच गोळ्या मागत होते. मेडिकलवाल्यानं कात्रीनं पान कापून दिलं. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. रात्रभर झोप आली नाही. म्हणून तर मार्टमध्ये बोलले.

आमचे हे म्हणतात, ‘नसत्या भानगडीत पडू नकोस, अशानं लोकांना सवय लागते.’ माझं चुकलं, की त्या बाईचा स्वभावच तसा? पुन्हा असं दिसलं तर काय करू? सध्या तर मी त्या मार्टमध्ये जायचंच टाळते.

— एक शिक्षिका, परभणी

—

बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी त्या कंपासपेटीपाशी अडकले. आईचा हात नोटांवरून दुसऱ्यांदा फिरला तेव्हाच त्या लेकराला सगळं कळलं होतं. तुला ते दिसलं आणि तू पुढं झालीस, यात लाजण्यासारखं काही नाही. रांगेत आणखीही माणसं होती, त्यांना ते दिसलं नाही किंवा दिसून न दिसल्यासारखं झालं. तुझं मन चुकलं नाही, आवाज चुकला. आणि ‘त्या बाईचा स्वभावच तसा’ हे मात्र डोक्यातून काढून टाक.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण उठता-बसता म्हणतो. ती बाई घरून निघाली तेव्हा मूठ झाकलेली होती. रुमालात किती आहेत ते तिला ठाऊक, फार तर घरच्यांना. काउंटरवर मोजून द्यावे लागले, तेव्हा ती मूठ अर्धी उघडली. तरीसुद्धा तोवर ती एक गिऱ्हाईकच होती, शंभर रुपयांनी हिशेब चुकलेलं गिऱ्हाईक. असं कुणाचंही होतं. तू बोललीस, मागचा बोलला, आणि दहा माणसांसमोर ती गरीब बाई झाली. तेही लेकीच्या देखत. सामान टाकून जाणं एवढीच गोष्ट तेव्हा तिच्या हातात उरली होती, ती तिनं केली. घरी गेल्यावर फोडणीला तेल नव्हतं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

मला विचारशील तर ‘वा मॅडम’ म्हणणाऱ्यानं जास्त बिघडवलं. तुझं बोलणं तिनं कदाचित गिळलं असतं. कौतुक गिळता येत नाही, कारण ते तुझं चाललेलं असतं आणि तिच्या अडचणीवर चाललेलं असतं.

आता तिच्या ६४० रुपयांबद्दल बोलते. ज्या घरात पगार महिन्याच्या महिन्याला येतो त्या घराला हे सहसा दिसत नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाईची ती दोन-तीन दिवसांची मजुरी. श्रावण महिना आपल्याकडं सणांचा खरा, पण शेतावर जगणाऱ्या घराला तोच सगळ्यात तंगीचा. जूनमध्ये बी-बियाणं आणि खतात पैसा गेलेला असतो. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते, वह्या-दप्तर होतं. पाठोपाठ फवारणी. सोयाबीन घरात येणार दसऱ्याच्या आसपास, कापूस त्याच्याही पुढं. मूग-उडीद पोळ्याच्या सुमाराला हाती लागला तर तेवढाच आधार. ऊसतोडीहून आलेल्या घरात कोयत्याचे पैसे उन्हाळ्यातच संपलेले असतात आणि मुकादमाकडून नवी उचल अजून यायची असते. अशा दिवसांत बाई घरून मोजून पैसे घेऊन निघते आणि वाटभर मनात बेरीज करते. मार्टमध्ये कुठं एखादी किंमत चुकीची वाचली जाते, कुठं ‘दोनवर एक फुकट’ची पाटी कालच संपलेली असते, आणि बेरीज हुकते.

‘राशन तर फुकट मिळतं ना यांना’ हेही रांगेत ऐकू येतं, म्हणून सांगते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला घरामागं ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, खरं आहे. पण ते धान्य आहे. तेल, तूरडाळ, चहा, साबण त्यात येत नाही. कुणी फुकटचं खाऊन वर बाजार करायला आलंय असं समजू नये. तुझ्या पुढच्या बाईच्या पिशवीत गहू-तांदूळ नव्हते, हे तुझ्याच पत्रात आहे. ज्या गोष्टी राशनला मिळत नाहीत त्याच घ्यायला ती आली होती, आणि त्याच तिला काढून ठेवाव्या लागल्या.

शिवाय मार्टला वही नसते. माल चार पैशांनी स्वस्त मिळतो, म्हणून लोक जातात, मीही जाते. पण गल्लीतल्या किराणा दुकानात शंभर कमी पडले तर ‘मांडून ठेवा’ म्हणता येतं. मार्टमध्ये दोनच वाटा, पैसे भरा नाहीतर वस्तू काढा. वस्तू काढायची तर बऱ्याच ठिकाणी काउंटरवरच्या पोरीला स्वतःला ते करता येत नाही. ती लांबूनच ओरडते, ‘सर, कॅन्सल आहे!’ मग तो वरचा साहेब किल्ली किंवा कार्ड घेऊन येईपर्यंत सगळी रांग त्या बाईकडं बघते.

वहीवरून मला माझी गोष्ट सांगावी लागेल. आजवर या सदरात सांगितली नव्हती.

माझ्या वडिलांचं सेलूला किराणा दुकान होतं. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. अक्षर चांगलं म्हणून संध्याकाळी उधारीची वही माझ्याकडं असायची. गावोगावी दुष्काळी कामं निघाली होती, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. लोक लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते, कामावर लेकरांना सुकडी मिळायची. कामाचे पैसे हप्त्यानं, आणि हप्ता लांबला की आमची वही भरायची.

खडीच्या कामावरची एक बाई यायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना धडप्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, म्हणून पदराची गाठ तिला दातानं सोडावी लागायची. त्या दिवशी तिनं पावशेर डाळ, थोडा गूळ आणि चहाची पुडी घेतली. गाठ सोडली, नाणी फळीवर मांडली. चार आणे कमी पडले. बाबा काट्यावरून नजर न उचलता म्हणाले, ‘असू दे माय, मागल्या बाजारी सुट्टे नव्हते, तुझे चार आणे माझ्याकडंच राहिलेत.’

मी वहीतून डोकं वर काढलं आणि म्हणाले, ‘नाही बाबा, तसं काही लिहिलेलं नाही.’ एवढ्यावर थांबले नाही, पान उघडून दाखवलं.

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाबांकडं पाहिलं. मग डाळीची पुडी उचलून काट्याशेजारी ठेवली, गूळ आणि चहाचे पैसे एकेक नाणं सरकवून मोजले, उरलेलं परत गाठीत बांधलं आणि गेली. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती.

बाबा मला रागावले नाहीत. रात्री दुकानाच्या फळ्या लावता लावता एवढंच म्हणाले, ‘चार आणे तिचे होतेच माझ्याकडं. वहीत कुठून असणार?’ मला ते कळलं नाही. बाबा खोटं बोलले आणि मी खरं बोलले, हेच डोक्यात. ती बाई मात्र पुढं कित्येक महिने आमच्या दारावरून जायची आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात सौदा घ्यायची. तिला तेवढं लांब चालावं लागलं ते माझ्यामुळं. बाबांनी मूठ झाकून धरली होती, ती मी उघडली. तू मदत करायला गेलीस आणि तेच झालं. म्हणून तुझं पत्र वाचून मी तुला दोष देऊ शकत नाही.

तर पुन्हा असं दिसलं तर काय करायचं? सगळ्यात आधी, पैशाचं नाव काढायचं नाही. वेळ द्यायचा. रांगेतल्या माणसाला सर्वात जास्त छळतं ते मागचं ‘च्... च्...’ आणि पायांची चुळबुळ. तू एक पाऊल मागं हो. पिशवीत काहीतरी शोधायला लाग. मागच्यांना सांग, ‘शेजारचं काउंटर मोकळं झालंय बघा.’ काउंटरवरच्या पोरीला सांग, ‘आम्हाला घाई नाही गं, होऊ दे त्यांचं.’ एवढ्यानंच पुष्कळांचं काम होतं. माणूस शांतपणे ठरवतो, साबणाच्या तीन वड्यांऐवजी एक ठेवतो, हिशेब जुळतो. वस्तू कमी करणारा प्रत्येक जण नडलेला असतो असं नाही. पुष्कळ जण हिशेबी असतात, आणि हिशेबी माणसाला मदत केली तर त्याला ती शिवी वाटते.

पाच-दहा, वीस रुपयांचा प्रश्न असेल तर आपल्या भाषेनं एक सोय फार छान करून ठेवली आहे, ती म्हणजे सुट्टे. ‘सुट्टे माझ्याकडं आहेत, घ्या’ एवढं म्हणून नाणी काउंटरवर सरकवायची आणि दुसरीकडं बघायचं. सुट्ट्यांची अडचण सगळ्यांची असते, श्रीमंताचीही. त्यात कुणी लहान होत नाही. फोनवरून पैसे जात नसतील तर तेच, ‘आज नेटवर्कच येईना, मी स्कॅन मारते, तुम्ही मला नंतर पाठवा.’ खरोखर नेटवर्क नव्हतं की खात्यात पैसे नव्हते, याची चौकशी करायची नाही.

शंभर रुपयांना सुट्ट्यांचं निमित्त पुरत नाही. तिथं जवळ जायचं, शेजारी उभं राहायचं, समोर नाही, आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, ‘बाई, उसने देऊ का? भेटलं की द्या.’ उसने हा शब्द जपून वापर. आपल्या आयांनी आयुष्यभर वाटीभर साखर, चिमूटभर विरजण, सुनेच्या बाळंतपणाला डबाभर तूप उसनं आणलं आणि दिलं. उसनं घेणारी कुणी भिकारीण नव्हती, आज तिच्या दारात, उद्या आपल्या. ‘मी देते’ म्हटलं की वर-खाली होतं. ‘उसने’ म्हटलं की दोघी एका ओट्यावर बसतात.

पण मग तो शब्द पाळायचाही. तिनं नंबर मागितला तर द्यायचा. आठवड्यानं तिचा फोन आला, ‘पैसे घेऊन आलेय’ म्हणून, तर ‘अहो राहू द्या हो, एवढ्यानं काय होतंय’ असं म्हणू नकोस. घे. मोजून घे. ती परत द्यायला आली म्हणजे तिच्या लेखी तो व्यवहार खरा होता, आणि तू नाही म्हटलंस की तो मागच्या तारखेनं भीक होतो. नाही आली तरी वाट बघायची नाही, कुणाला सांगायचं नाही.

आणि ती ‘नको’ म्हणाली तर नको. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, लेकराच्या हातात गुपचूप कोंबायचं तर मुळीच नाही. लेकराच्या हातून आईचा नकार मोडणं फार वाईट. कंपासपेटी तू नंतर धावत जाऊन मुलीला दिली नाहीस ना? पत्रात तसं नाही, म्हणून बरं वाटलं.

हे वाचणाऱ्या भावांसाठी एक. अनोळखी बाईला पुरुषानं रांगेत पैसे देऊ करणं तिला धास्तावणारं असतं, मन कितीही स्वच्छ असलं तरी. सोबत घरची बाई असेल तर तिला पुढं करा, नाहीतर काउंटरवरच्या मुलीला हळूच सांगा आणि बाजूला व्हा.

आता मेडिकलवरचे बाबा. तुला वाटतंय तुझी मोठी चूक मार्टमधली. मला वाटतं, जिथं बोलायला हवं होतं ती जागा ही होती. कंपासपेटी पंधरा दिवसांनी घेता येते. गोळ्यांचं तसं नाही. बीपीची, शुगरची गोळी दिवसाआड घेऊन चालत नाही. जंतुसंसर्गावरच्या गोळ्या पाच दिवसांच्या लिहिलेल्या असताना दोन दिवसांत थांबवल्या तर दुखणं उलटून येऊ शकतं आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेलच असं नाही. चार गोळ्या मागणारा माणूस बहुतेक वेळा ‘आज पैसे नाहीत’ हे सांगायचं टाळत असतो.

तिथंही पैशानं सुरुवात करायची नाही, बोलण्यानं करायची. ‘बाबा, डॉक्टरनं किती दिवसांच्या लिहून दिल्यात?’ म्हाताऱ्या माणसाला दुखण्याबद्दल विचारलेलं आवडतं, खिशाबद्दल विचारलेलं नाही. दोन वाक्यांत कळतं काय ते. मग मेडिकलवाल्याकडं वळून, ‘अख्खं पान द्या, बाकीचं माझ्यात धरा,’ आणि बाबांना, ‘पुढच्या वेळी तुम्ही माझं भरा.’ मेडिकलवाला रोजचा असेल तर तो समजून घेतो.

पण एका पानानं त्यांचा महिना निघत नाही, म्हणून पैशापेक्षा जास्त कामाची गोष्ट त्यांना सांगायची. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात फुकट मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. ज्या गोळ्या तिथं नसतील त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्र बघायचं. तिथं औषध कंपनीच्या नावानं नाही, औषधाच्या मूळ नावानं मिळतं आणि बऱ्याच गोळ्यांची किंमत बाहेरच्या निम्म्याहून कमी असते. गोळी बदलायची तर डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ नाव लिहून द्यायला सांगायचं. हे सगळं त्या बाबांना कुणी सांगितलेलं नसतं. तू शिक्षिका आहेस, तुला समजावून सांगता येतं. दोन मिनिटं काउंटरपासून बाजूला, बाकड्यावर बसून.

तुझ्या यजमानांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. त्यांच्यासारखा विचार करणारी माणसं वाईट नसतात, कुठंतरी फसलेली असतात. मेडिकलबाहेर ‘बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या’ म्हणणारं कुणी असतं, आपण डबा घेऊन देतो, आणि आपण वळलो की तो डबा परत दुकानात जातो. असे प्रकार होतात. पण तिथं समोरचा आपल्याला शोधत आलेला असतो. रांगेतली तुझी बाई कुणाला शोधत नव्हती, ती लपवत होती. जो लपवतोय त्याला सवय कशी लागेल? त्यांना एकदा नांदेडला घेऊन जा, गुरुद्वाऱ्यात लंगरला बस म्हणावं पंगतीत. शेजारी कोण बसलंय, रोज येतो की पहिल्यांदाच आलाय, कुणी विचारत नाही. रोटी घेताना सगळेच दोन्ही हातांची ओंजळ पुढं करतात, गाडीतून आलेलाही आणि पायी आलेलाही. तिथं जेवून उठलं की सवयीबद्दलचं त्यांचं मत मी तुला पुन्हा विचारेन.

घरात मात्र लपवाछपवी नको. महिन्याला अमुक रुपये यासाठी, असं दोघांनी मिळून ठरवा. दोनशे असोत की पाचशे. संपले की त्या महिन्यापुरतं फक्त वेळ आणि शब्द द्यायचे. त्यात तुझंही भलं आहे, नाहीतर प्रत्येक रांग तुला स्वतःची परीक्षा वाटायला लागेल.

त्यातले काही पैसे मार्टऐवजी गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवता येतील. ज्या दुकानदाराला वर्षानुवर्षं ओळखतेस, ज्याच्या तोंडात तीळ भिजतो, असाच निवड. पोळ्याच्या आधी जा, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. म्हण, ‘वहीतलं सगळ्यात जुनं एखादं खातं, ज्यांच्याकडून यंदा यायचं नाही असं तुम्हाला वाटतं, त्यात हे जमा करा. कुणाचं ते मला सांगू नका आणि कोणी दिले ते त्यांना सांगू नका.’ वही बघायला मागायची नाही. त्या वहीत सगळ्या गल्लीच्या मुठी असतात, आपल्या शेजारणीचीही असेल, आणि एकदा वाचलं की तिच्याशी बोलताना तुझा आवाज बदलेल. माझे वडील पैसे घेऊन आलेल्यालासुद्धा वहीचं पान दाखवत नसत.

शाळेत तर तुझ्या हातात आणखी सोपं आहे. वर्गात पाच-सहा जास्तीच्या कंपासपेट्या कपाटात ठेव. भूमितीच्या तासाला ‘ज्यांनी विसरल्या त्यांनी इथल्या घ्या’ म्हणायचं. विसरणारे सगळ्याच घरांत असतात. तास संपल्यावर ज्याच्याकडं राहिली त्याच्याकडं राहू दे.

राहिला शेवटचा प्रश्न, त्या मार्टमध्ये जायचं की नाही. जा. त्या बाईला शोधायला जाऊ नकोस, माफी मागायलाही नको. चार माणसांत माफी मागितलीस तर पुन्हा तेच होईल. आपला बाजार करायला जा. परभणी काही मुंबई नाही, कधीतरी ती समोर येईलच.

१९७३ ला पाऊस बरा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती, बेगड, सुतळी, हिंगूळ, गूळ. त्या गर्दीत ती खडीवाली बाई आमच्या फळीसमोर येऊन उभी राहिली. बोटांच्या चिंध्या गेल्या होत्या. बाबांनी ‘बऱ्याच दिसांनी?’ असंही विचारलं नाही. ‘काय देऊ माय?’ एवढंच. तिनं अर्धा शेर गूळ मागितला. बाबांनी तोलला, मी पुडी बांधली, दोरा तोडला. तिनं हातानं गाठ सोडली, पैसे मोजून दिले, बरोबर होते. मी वही उघडली नाही.

तुझी बाई दिसली की तूही ट्रॉली जरा बाजूला घे, तिला वाट दे, आणि नजर मिळालीच तर ओळखीच्या बाईला देतो तेवढी मान दे. लेक सोबत असली तर तिला फक्त ‘कितवीत गं तू?’ विचार.